वोक, बुद्ध आणि जागेपणाची शिवी

गेली तीन-चार वर्षे एक इंग्रजी शब्द आपल्या पोरांच्या मोबाईलवर सारखा येऊन आदळतो आहे. वोक. आरक्षणाची बाजू मांडली की तुम्ही वोक. एखाद्या सिनेमातली जात दाखवून दिली की वोक. ‘मुलीला विचारून लग्न ठरवा’ म्हटले तरी वोक. शिवी देणाऱ्याला या शब्दाचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही, पण शिवी मात्र बरोबर लागते. वाईट याचे वाटते की आपल्याच वस्तीतली काही मुले असले रील हसत-हसत पुढे पाठवतात. म्हणून या शब्दाची चिकित्सा करावी असे आम्हाला वाटले. एका साध्या क्रियापदातून हा शब्द कसा निघाला, कोणाच्या तोंडात वाढला आणि कोणी पळवून नेला, हा इतिहास आपल्या चळवळीच्या कामाचा आहे.

इंग्रजीत ‘वेक’ म्हणजे जागे होणे, जागे करणे, जागे राहणे. लहान पोरालाही येणारे क्रियापद. त्याचा गोतावळा मात्र मोठा आहे. अवेक, अवेकन, हॉटेलातला वेक-अप कॉल, मयताशेजारी रात्र जागून काढायची तो आयर्लंडमधला ‘वेक’. ‘वॉच’ हा शब्दसुद्धा याच मुळातून आलेला आहे, म्हणजे आपल्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन हा वोकचा चुलतभाऊच. इथे आम्हाला आपला ‘जागल्या’ आठवतो. गाव झोपायचे आणि गावकुसाबाहेरचा माणूस वेशीवर जागत बसायचा, कारण ते त्याच्या वतनात लिहिलेले होते. जागेपण हे त्याच्यावर लादलेले काम होते. बाबासाहेब महार वतनाविरुद्ध १९२० च्या दशकापासून लढले आणि ती कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. आता मराठी वर्तमानपत्रे भ्रष्टाचार उघड करणाऱ्या माणसाला मानाने ‘जागल्या’ म्हणतात. शब्द वर चढला, ज्यांनी रात्री जागून काढल्या त्यांचे नाव मात्र त्यातून गळून गेले. शब्द असेच प्रवास करतात. कधी खालून वर, कधी वरून खाली, आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात त्यांना लागलेला असतो.

अमेरिकेत जागेपणाला राजकीय अर्थ यायला वोकची वाट पाहावी लागली नाही. १८६० च्या निवडणुकीत लिंकनच्या बाजूने रात्री मशाली घेऊन मोर्चे काढणाऱ्या तरुणांच्या टोळ्या होत्या, त्यांचे नाव ‘वाइड अवेक्स’, टक्क जागे. कनेटिकटमधल्या हार्टफर्डमध्ये त्या सुरू झाल्या. त्याच सुमारास ‘वाइडअवेक’ नावाची एक टोपीही होती. तिच्या कापडाला लव नव्हती, आणि इंग्रजीत लव आणि डुलकी या दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून ती टक्क जागी! सांगायचा मुद्दा एवढाच की साध्या क्रियापदाला लोक हवे तसे वाकवतात, जोडतात, त्यावर विनोद करतात, आणि भाषा अशीच वाढते.

पण वोक वेगळ्या तोंडातून आला. शाळेतल्या इंग्रजीत ‘वोक’ हा फक्त भूतकाळ आहे: तो जागा झाला. विशेषण म्हणून ‘तो वोक आहे’ असे लिहिले तर मास्तर लाल रेघ मारतील. काळ्या अमेरिकनांच्या बोलीत मात्र असे म्हणणे बरोबर होते, कारण त्या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे. तिला ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणणाऱ्यांशी तिथल्या लोकांना कोर्टात जाऊन भांडावे लागले. १९७९ साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर शहराच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितले की मुलांची घरची बोली शाळेने लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे ‘न’ आणि ‘ण’ वरून भर वर्गात ज्यांची टिंगल झाली, त्यांना हा खटला वेगळा समजावून सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. १९३१ च्या मार्चमध्ये अलाबामात एका मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना उतरवून घेतले गेले. बहुतेक जण विशीच्याही आतले. आरोप दोन गोऱ्या मुलींवरच्या बलात्काराचा. स्कॉट्सबरो गावात काही दिवसांत खटले उरकले, ज्युरी सगळे गोरे, आणि नऊपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा. पुढे एका मुलीने ‘असे काही घडलेच नव्हते’ अशी साक्ष दिली, तरी गोऱ्या ज्युरीने पुन्हा दोषीच ठरवले. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९३२ साली नीट वकील मिळण्याच्या हक्कावर निकाल लागला आणि १९३५ साली ज्युरीतून काळ्या लोकांना वगळण्याविरुद्ध. मुलांची उमेदीची वर्षे मात्र तुरुंगात गेली. लेड बेली या गायकाने या मुलांवर गाणे रचले. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणे संपल्यावर तो बोलतो. सांगतो की त्या भागातून जाताना जपून राहा, ‘स्टे वोक’, जागे राहा.

या सल्ल्यात तत्त्वज्ञान नाही, फॅशन नाही. हा जीव वाचवण्याचा सल्ला आहे. कोणत्या गावात रात्री थांबायचे नाही, कोणत्या रस्त्याने सायकलवरून उतरून जायचे, कोणाच्या दारासमोर मान खाली घालायची, हे आपल्या आजोबांनी आपल्या वडिलांना सांगितले. त्याला त्यांनी काही नाव दिले नाही. लेड बेलीच्या माणसांनी दिले. वोक म्हणजे व्यवस्था तुला कुठे मारू शकते हे तुला माहीत आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात यालाच संरचनात्मक अन्यायाची जाणीव म्हणतात, आणि त्यावर आम्ही पेपर लिहून मार्कही मिळवले. पण ती व्याख्या विद्यापीठाच्या आधी मालगाडीत तयार झाली होती.

१९६२ साली विल्यम मेल्विन केली या काळ्या लेखकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये काळ्या लोकांच्या बोलीवर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच वोक हा शब्द होता. त्याचा मुद्दा आजही तंतोतंत लागू पडतो. काळी माणसे शब्द घडवतात, गोरी तरुण मुले तो उचलतात, अर्थ बदलतो, आणि मग काळी माणसे तो टाकून नवा घडवतात. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तर जागेपणावर भाषणेच दिली. १९६५ साली ओबर्लिन कॉलेजात आणि नंतर ३१ मार्च १९६८ ला वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये, क्रांती चालू असताना झोपून राहू नका, हाच विषय. वीस वर्षे झोपलेल्या रिप व्हॅन विंकलची गोष्ट त्यांनी त्यात सांगितली. दुसऱ्या भाषणानंतर चार दिवसांत त्यांची हत्या झाली.

पुढचे थोडक्यात. २००८ साली एरिका बाडू या गायिकेच्या गाण्यातून ‘स्टे वोक’ नव्या पिढीच्या कानावर गेले. २०१४ साली फर्ग्युसनमध्ये पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन मारला गेला आणि ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरच्या आंदोलनात हा शब्द रस्त्यावर आला. २०१७ साली ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्याचा नवा अर्थ नोंदवला. म्हणजे शब्द प्रतिष्ठित झाला. केलीने सांगितलेले चोरीचे चक्र मग जोरात फिरले.

आधी बाजार आला. मोठमोठ्या कंपन्यांनी जाहिरातीत काळे चेहरे, इंद्रधनुष्य, समतेच्या घोषणा लावल्या आणि कामगारांच्या पगाराचे तसेच ठेवले. या ढोंगाला तिथल्या लोकांनीच नाव दिले, ‘वोक-वॉशिंग’. आपल्याकडे १४ एप्रिलला निळे पोस्टर टाकणाऱ्या आणि नोकरीच्या मुलाखतीत आडनाव खोदून-खोदून विचारणाऱ्या कंपन्यांसाठी असा नेमका जोडशब्द मराठीत अजून झालेला नाही. कोणीतरी करावा.

मग विरोधक आले, आणि त्यांनी जोडशब्दांचा कारखानाच काढला. वोकिझम, वोक मॉब, अँटी-वोक, वोकराटी. या शब्दांची रचना नीट बघा. ‘वोक’ हे माणसाच्या अवस्थेचे वर्णन होते. त्याला ‘इझम’ जोडले की कोणीतरी कट रचून पसरवलेली विचारसरणी तयार होते. ‘मॉब’ जोडले की प्रश्न विचारणारी दहा माणसे झुंड ठरतात. ‘राटी’ जोडले की दोन वेळच्या जेवणाची चिंता असलेला माणूससुद्धा उच्चभ्रू ठरतो. ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संसदेत रस्ते अडवणाऱ्या आंदोलनांचा दोष टोफू खाणाऱ्या वोकराटींवर ढकलला. म्हणजे आंदोलन का झाले हा प्रश्न गेला आणि आंदोलकांच्या ताटात काय आहे हा प्रश्न आला. आपल्याला हे तंत्र नवे नाही. पुरोगामीचा ‘फुरोगामी’ कोणी केला? सेक्युलरचा ‘सिक्युलर’ कोणी केला? बाबासाहेबांच्या नावाचीच मोडतोड करून शिवी बनवणारे हेच लोक. अक्षर इकडचे तिकडे करायचे, वाद घालायची गरजच संपते.

फ्लोरिडा राज्यात तर २०२२ साली ‘स्टॉप वोक’ नावाचा कायदाच झाला. शाळा, कॉलेज आणि नोकरीच्या ठिकाणी वंशभेदाबद्दल काय शिकवायचे यावर त्याने बंधने घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका खटल्यात तिथल्या गव्हर्नरच्या वकिलाला कोर्टात विचारले गेले की वोक म्हणजे नेमके काय. त्यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा: अमेरिकन समाजात व्यवस्थेतूनच होणारे अन्याय आहेत आणि ते दूर करायची गरज आहे, असे मानणे. शपथेवर बोलायची वेळ आली तेव्हा शिवीचा खरा अर्थ बाहेर पडला. तरुण मित्रांनो, ही व्याख्या पाठ करून ठेवा. अमेरिकेच्या जागी भारत घाला. यात शिवी कुठे आहे?

२०२४ च्या विजयादशमीला नागपुरात सरसंघचालकांच्या भाषणात ‘डीप स्टेट’ आणि ‘कल्चरल मार्क्सिस्ट’ यांच्या बरोबरीने ‘वोकिझम’ हा शब्द आला, सांस्कृतिक परंपरांचे घोषित शत्रू म्हणून. विजयादशमी, आणि नागपूर! त्याच शहरात १९५६ च्या अशोक विजयादशमीला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. दर वर्षी त्याच दिवशी दीक्षाभूमीवर गर्दी होते ती कोणाच्या नावाने? बुद्धाच्या. आणि बुद्ध या शब्दाचा अर्थ काय? ‘बुध्’ हा धातू आहे, जागे होणे, जाणणे. त्याला ‘त’ प्रत्यय लागून बुद्ध: जागा झालेला. इंग्रजीतला वोक हाही क्रियापदाच्या भूतकाळी रूपाचे विशेषण होऊन बनलेला शब्द आहे. दोन्हीकडे घडण जवळपास तीच, अर्थ तोच. एकाच धातूतून बोध, बोधी, संबोधी, प्रबोधन, प्रबुद्ध, बोधिसत्त्व असा पसारा झाला. बाबासाहेबांनी १९५६ साली ‘जनता’ पत्राचे नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ केले, त्यातही तोच धातू बसलेला आहे. धम्मपदाचा दुसराच वग्ग अप्पमादाचा, सावध राहण्याचा, आहे. तेव्हा जागेपणाला परंपरेचा शत्रू म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की तुमच्या परंपरेत बुद्ध धरला आहे की नाही? धरला असेल तर जागेपण परदेशी कसे? आणि धरला नसेल तर तसे उघड सांगा.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, हे अमेरिकेचे भांडण आहे, आपण कशाला त्यात पडायचे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली होती, आणि १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी पँथर हे नाव उगाच उचलले नव्हते. ते भांडण आपल्याला नेहमीच ओळखीचे वाटले आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वोक म्हणवून घेणारी बरीच मंडळी बनावट असतात. इंग्रजीत समतेवर तासभर बोलतात आणि घरकामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवतात. अशी माणसे आम्ही संस्थांच्या बैठकांतून भरपूर पाहिली. त्यांची टिंगल जरूर करा, पण कपासाठी करा. जागेपणासाठी करू नका. आणि आपणही वोक हे लेबल छातीवर लावायला धावायचे कारण नाही. तो काळ्या बांधवांचा शब्द आहे, त्यांचाच राहू द्या. आपल्याकडे आपला आहे, अडीच हजार वर्षांचा.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, “दादा, वोक म्हणजे शिवी असते का?” कॉलेजच्या ग्रुपवर तिने शिष्यवृत्ती थकल्याबद्दल लिहिले होते, त्यावर तिला हे उत्तर आले होते. आम्ही फळ्यावर असल्या संदेशांतली सहा वाक्ये लिहिली आणि प्रत्येकातला वोक पुसून तिथे ‘जातीचा अन्याय ओळखणारा’ असे घातले. चार वाक्ये लिहिणाऱ्याला जाहीरपणे बोलताच येणार नाहीत अशी झाली. पाचव्यात काहीच अर्थ उरला नाही. सहाव्यात एका कंपनीच्या जाहिरातीवर टीका होती, ती सगळ्यांना पटली आणि तशीच ठेवली. पुढच्या रविवारी ‘सरकारी जावई’ हा जोडशब्द घेतला आहे.