सवलतीचा हेडफोन आणि चादरीखालचा ॲम्प्लिफायर

दिवाळीच्या पाठोपाठ आम्हांस चार दिवस उज्जैनीस जाण्याचा योग आला. आमची धाकटी बहीण तेथे दिली आहे. तिचे यजमान पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागात नोकरीस होते. निवृत्त झाल्यावर वसईस परत न येता त्यांनी फ्रीगंजच्या बाजूस लहानसे घर केले. शिंद्यांनी आपली राजधानी १८१० साली ग्वाल्हेरीस हलविली, तरी उज्जैनीतून मराठी काही हलली नाही. बोरिवलीस रात्री अवंतिका गाडीत बसावे आणि सकाळी पोह्या-जिलेबीच्या वेळेस उज्जैनीत उतरावे, हा प्रवासही सुखाचा. आम्ही उतरलो तेही सुखाने. पण घरात पाऊल टाकताच ध्यानात आले की बापलेकांत काहीतरी बिनसले आहे. भांडण नव्हते, नुसतीच मुग्धता होती.

कारण समजले ते दुपारी. भावोजींस संगीताचे वेड जुने. येथून चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर देवास आहे, आणि देवासला कुमार गंधर्व १९४८ साली राहावयास आले ते १९९२ साली देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर काही वर्षे ज्यांस गाता आले नाही, त्यांनी पुढे तेवढ्याच श्वासात कसे गाइले, हे भावोजींनी नोकरीच्या दिवसांत समोर बसून ऐकलेले. त्यांच्या कॅसेटी आता झिजल्या. म्हणून पित्याच्या सत्तराव्या वाढदिवसास भाच्याने एक उंची हेडफोन आणला. सेन्हायजर या जर्मन नावाचा, एचडी ६०० नमुन्याचा. हा नमुना १९९७ साली निघाला आणि अजूनही विकला जातो. पोरांच्या कपड्यांप्रमाणे दर वर्षी बदलणाऱ्या या धंद्यात ही गोष्ट थोडी नव्हे. सणाच्या विक्रीत तो छापील किमतीच्या दोन तृतीयांशांत मिळाला. तरीही भाच्याच्या महिन्याच्या पगारास चांगलेच खिंडार पडले होते.

भावोजींनी तो कानांवर चढविला, भाच्याने आपल्या मोबाइल फोनला जोडला, निर्गुणी भजन लावले. दहा मिनिटांनी भावोजी म्हणाले, “छान आहे,” आणि तो काढून पेटीत ठेवला. पेटी कपाटात गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. मुलाने विचारावे, “पप्पा, ऐकत का नाही?” आणि पित्याने म्हणावे, “ऐकेन, ऐकेन.” आमच्यापाशी मात्र भावोजी हळूच म्हणाले, “भिंतीपलीकडे कोणी गात असल्यासारखे वाटते. पण पोराने एवढे पैसे घातले, त्याला काय सांगू?” तिकडे भाच्याचा समज असा की आपण खोटा माल तर घेतला नाही? दुकानदारास विचारता त्याने हेडफोनाइतक्याच किमतीचा ॲम्प्लिफायर घ्यावयास सांगितले. सवलतीत वाचविलेले सगळे त्यात जाऊन वर आणखी तेवढेच घालावे लागणार होते. भाच्याने मित्राकडून उसने घेण्याची तयारीही केली होती.

प्रथम आम्ही माल खरा की खोटा ते पाहिले. वाचकांनीही हे शिकून ठेवावे, कारण आता आपल्या गावांतील मुलेही घरबसल्या अशा वस्तू मागवितात. आवेष्टित मालासंबंधीच्या २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे परदेशी वस्तूच्या पेटीवर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. ते नसेल तर वस्तू आडवाटेने आली असे समजावे; ती खोटीच असेल असे नाही, पण बिघडल्यास हमी कोण देणार? पेटीवरचा अनुक्रमांक बिलावरही लिहून घ्यावा. ‘पेटी उघडलेली’ म्हणून जो माल स्वस्त विकतात, तो कोणीतरी वापरून परत केलेला असू शकतो. आणि छापील किंमत ही माल विकणाऱ्या पक्षानेच छापलेली असते; तेव्हा तिच्यापेक्षा किती कमी हे पाहण्यापेक्षा गेल्या सहा महिन्यांत ती वस्तू प्रत्यक्षात कितीस विकली गेली हे पाहावे. फसगत झालीच तर १९१५ हा ग्राहकांच्या तक्रारीचा राष्ट्रीय दूरध्वनी आहे. भाच्याची पेटी या सर्व कसोट्यांस उतरली. हेडफोनात दोष काहीच नव्हता.

मग आवाज भिंतीपलीकडचा का?

आमच्या वाडीतील माणसास हे विहिरीवरच्या पंपावरून समजेल. पाणी खाली केळीच्या पाटात सोडावयाचे असेल तर दाब थोडा चालतो, पाणी मात्र भरपूर हवे. तेच पाणी माडीवरच्या टाकीत चढवावयाचे तर पाणी थोडे पुरे, पण दाब हवा. हेडफोनाच्या तारेचा जो विरोध असतो तो ओहम या मापाने मोजतात. फोनाबरोबर वापरावयाचे साधे हेडफोन बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे, ते पाटासारखे. भाच्याचा हेडफोन ३०० ओहमचा. तो माडीवरची टाकी. हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग करावा आणि ओहमने भागावे. फोनातून एक व्होल्ट निघत असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनास ३१ मिलीवॅट शक्ती मिळते, ३०० ओहमच्यास जेमतेम ३.३. फोन अर्ध्या व्होल्टचाच असेल तर एक मिलीवॅटही नाही. उलट चार व्होल्ट देणारे यंत्र त्याच हेडफोनास ५३ मिलीवॅट देईल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फोनावर हा हेडफोन मुका राहतो असे नव्हे. भाच्याची आवडती सिनेमाची गाणी त्यावर बरी वाजत होती, आणि म्हणूनच त्यास पित्याचे दुःख कळेना. आजची गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ठासून मोठ्या आवाजात भरलेली असतात. जुन्या मैफलीचे तसे नाही. तेथे गवई कुजबुजतोही आणि गर्जतोही. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा तर फोनाची शक्ती गर्जनेपाशी संपते. म्हणजे ॲम्प्लिफायर हवा हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नव्हते. तो हेडफोनाच्याच किमतीचा हवा, हे मात्र खरे नव्हे. या कामास लागणारी शक्ती विजेच्या दिव्याच्या तुलनेत धुळीच्या कणाएवढी. लहानसे साधे यंत्रही ती देते.

आम्ही हे सांगत असता बहीण म्हणाली, “दादा, ॲम्प्लिफायर तर आहे ना घरात!” पलंगामागे, चादरीखाली, भावोजींनी १९८०च्या दशकात घेतलेला देशी बनावटीचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर होता. लाकडी कडांचा, दोन माणसांनी उचलावा असा. त्याचे कर्णे केव्हाच भंगारात गेले होते. पुढच्या बाजूस खालच्या कोपऱ्यात एक जाड भोक, आणि त्यावर हेडफोनाचे लहानसे चित्र.

त्या काळच्या अशा बहुतेक यंत्रांत हेडफोनासाठी वेगळी सोय नसे. कर्ण्यांस जाणारा जोरदार प्रवाहच एका विरोधकातून गाळून त्या भोकास देत. तेव्हाचे चांगले हेडफोन मोठ्या विरोधाचे असत, म्हणून ती जोडी जमे. भाच्याने मात्र पुस्तकी शंका काढली: “मामा, यंत्राचा स्वतःचा विरोध हेडफोनाच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा म्हणतात ना?” नियम खरा आहे. या यंत्राचा विरोध त्याहून पुष्कळच अधिक असणार. ३२ ओहमचा हेडफोन त्यास लावला असता तर आवाजाचा तोल बिघडला असता. या हेडफोनाचा विरोधही सर्व स्वरांस सारखा नाही. १०० कंपनांच्या आसपास तो ५०० ओहमच्या वर चढतो, म्हणून अशा यंत्रावर खर्ज किंचित फुगणार. आम्ही म्हटले, आधी ऐकू तर या.

ऐकण्याआधी खटपट झालीच. यंत्र चालू करताच घरघर, आणि आवाजाची कळ फिरविताच खरखर. फ्रीगंजातील एका वृद्ध रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने आतील वाळलेले कपॅसिटर बदलले, कळ साफ केली आणि यंत्राच्या पाच काट्यांच्या जुन्या भोकास जमेल अशी तार फोनासाठी डाख लावून करून दिली. भाच्याच्या फोनास हेडफोनाचे भोक नव्हतेच. त्यासाठी एक लहानसा जोड घ्यावा लागला. सगळा खर्च नव्या ॲम्प्लिफायरच्या दशांशातही आला नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे जुने यंत्र असेल तर ते जाणत्याकडूनच उघडावे, आणि हेडफोन कानांवर चढविण्यापूर्वी आवाजाची कळ शून्यावर आणावी. अशा यंत्रात कान फोडण्याइतकी ताकद असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास सोसतो, ९० डेसिबलचा केवळ ४ तास. ज्यांस मुळातच कमी ऐकू येते त्यांनी तर हेडफोनाचा आवाज वाढवीत बसू नये. कान तपासून घ्यावेत. हेडफोन हे श्रवणयंत्र नव्हे.

रात्री जेवणे झाल्यावर भावोजी खुर्चीत बसले. भाच्याने कळ हळूहळू वर नेली. भावोजींनी डोळे मिटले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “श्वास ऐकू येतो रे. दोन शब्दांच्या मधला.” थोड्या वेळाने, “आणि तानपुरा जरा जाड लागतो आहे.” तोच तो फुगलेला खर्ज. भाचा म्हणाला, “पप्पा, नवे यंत्र घेतले तर तेवढे जाईल.” भावोजींनी मान हलविली, देवासला तानपुरे असेच लागत, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचा कान खरा की आठवण, हे आम्ही कोण ठरविणार! उसने पैसे मात्र वाचले.

एकच अडचण उरली, आणि ती कोणी आधी ध्यानात घेतली नव्हती. हा हेडफोन पाठीमागून उघड्या जाळीचा. त्यामुळे गाणे मोकळ्या हवेत चालल्यासारखे वाटते, पण निम्मे गाणे खोलीतही सांडते. रात्री अकरा वाजता बहीण आतून म्हणाली, “अहो, दार लावले तरी ऐकू येते. मग हे कानांना लावायचे तरी कशाला?” जाळीतून बाहेरचा आवाजही आत येतो, म्हणून भावोजींस तिचे बोलणे ऐकू गेले. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला, आणि अंतरा संपेपर्यंत तिला तसेच थांबविले.