पाऊस, ऊन आणि निमित्त : अचलपूरहून १९३६ च्या बर्लिनकडे पाहताना

१/१२
“मैदान ओले होते.” “ऊन फार होते.” “वारा विरुद्ध होता.” पराभवानंतर ऐकू येणारी ही तीन वाक्ये खेळाइतकीच जुनी असावीत. ती खोटी असतातच असे नाही. पण हवामान हे कारण कधी असते आणि निमित्त कधी होते, हा प्रश्न इतिहासाला विचारण्याजोगा आहे. म्हणून हा धागा.

२/१२
सुरुवात अचलपूरपासून करू. सातपुड्याच्या पायथ्याचे, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरातले हे नगर एकेकाळी इमादशाही वऱ्हाडाची राजधानी होते. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या नावातील ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल मुद्दाम नोंदवली आहे. ‘एलिचपूर’ हे नंतरचे रूप त्याच वळणाचे.

३/१२
नाव ‘अचल’, ऋतू मात्र टोकाचे. मे महिन्यात वऱ्हाडातला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पावसाळ्यात हीच काळी माती चिखल होऊन पाय धरून ठेवते, तर उन्हाळ्यात भेगाळते. येथे ‘चांगल्या हवामानाची’ वाट पाहणाऱ्या खेळाडूच्या हाती हिवाळ्याचे चार महिने तेवढे उरतात. मग उरलेल्या आठ महिन्यांचे काय?

४/१२
याचे उत्तर आखाड्याने फार पूर्वी शोधले होते. उन्हाच्या आधी पहाटेचा व्यायाम. पावसापासून आडोसा देणारे छप्पर. हौदातली माती मऊ राहावी म्हणून तिच्यात तेल, ताक, हळद. ऐन पावसाळ्यातली नागपंचमी हा तर कुस्तीचा सण. ऋतू बदलता येत नाही. वेळ, जागा आणि माती बदलता येते, एवढे साधे हे शहाणपण.

५/१२
या परंपरेला आधुनिक संस्थेचे रूप मिळाले ते अचलपूरहून जवळच, अमरावतीत. १९१४ मध्ये अनंत आणि अंबादास वैद्य या बंधूंनी सुरू केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बावीस वर्षांनी थेट बर्लिनला पोहोचले. १९३६ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळ आणि व्यायामप्रकार सादर केले. वऱ्हाडच्या मातीतला खेळ युरोपच्या हवेत आणि परक्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

६/१२
त्याच ऑगस्टमध्ये, त्याच शहरात भारतीय हॉकी संघही होता. त्याची गोष्ट आपल्या प्रश्नाला अधिक नेमकी भिडते. १७ जुलैला सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. लांबचा प्रवास नुकताच संपलेला आणि हवा परकी, म्हणजे निमित्ते हाताशी होतीच. प्रत्यक्षात संघाने उणीव ओळखली आणि दारा या खेळाडूला भारतातून विमानाने बोलावून घेतले. त्या पराभवाची सल ध्यानचंद यांनी पुढे आत्मचरित्रातही नोंदवली.

७/१२
अंतिम सामना १४ ऑगस्टला ठरला होता. पावसामुळे तो १५ तारखेवर गेला. त्या दिवशीही मैदान ओलसर होते आणि समोर पुन्हा जर्मनीच. मध्यंतराला भारताची आघाडी केवळ १-०. चेंडू अडतो, पाय घसरतो, आणि वेगावर उभा असलेला भारतीय खेळ मंदावतो. निमित्त सांगण्यासाठी याहून सोयीचा क्षण नव्हता.

८/१२
मध्यंतरानंतर ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे उतरवले. लोककथा त्यांना ‘अनवाणी’ खेळवते. तेव्हाच्या वार्तांकनात मात्र उघडे पाय आणि रबरी तळवे असा उल्लेख आहे. मला हा तपशील दंतकथेहून मोलाचा वाटतो. अनवाणी धावण्यात शौर्य दिसते. योग्य तळवे निवडण्यात बुद्धी दिसते. निकाल : भारत ८, जर्मनी १.

९/१२
पण कथा येथेच थांबवली तर आपण अर्धाच धडा घेऊ. आदल्या दिवशी सामना पुढे ढकलला गेला होता, हे विसरू नये. खेळता येण्याजोगे मैदान नसेल तर थांबणे हे भित्रेपण नव्हे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन भर उन्हात धावली गेली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

१०/१२
त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने हैराण होऊन मध्येच थांबला. १९६७ मध्ये त्याला स्टॉकहोमला बोलावून ती शर्यत समारंभाने पूर्ण करू दिली गेली. चोपन्न वर्षे लागली, पण तो जिवंत होता म्हणून लागली! जो थांबला तो दुबळा आणि जो कोसळला तो वीर, असा निवाडा कोणता प्रामाणिक इतिहासकार देईल?

११/१२
म्हणून माझे मत असे. निमित्त ते, जे सांगितल्यावर काहीच करावे लागत नाही. कारण ते, जे कळल्यावर काहीतरी बदलावे लागते : बूट, वेळ, पाणी, सराव. आणि ही कसोटी खेळाडूंपुरती नाही. भर दुपारी शालेय स्पर्धा ठेवून, ना सावली ना पाणी देऊन, मूल भोवळ येऊन पडल्यावर “हल्लीची पोरे नाजूक” म्हणणारा आयोजकही निमित्तच सांगत असतो. पहिल्या पावसात तळे होणाऱ्या मैदानाला वर्षानुवर्षे निचऱ्याची चर न खोदता पावसाला दोष देणे, तेही निमित्तच.

१२/१२
आज कबड्डी बहुतांशी मॅटवर आणि छपराखाली गेली आहे. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत ती पदकाचा खेळ झाली. अचलपूर-परतवाड्याच्या पोरांच्या वाट्याला मात्र अजून बरेचदा उघडी मातीच येते. मित्रहो, त्यांना ‘सबब सांगू नका’ असे बजावण्याचा अधिकार आपल्याला आहे, पण तो कमवावा लागतो. आखाड्याला छप्पर घालणाऱ्या आणि पहाटे उठून हौदाची माती खणणाऱ्या पिढ्यांनी तो कमावला होता. आधी आपण मैदानाची चर खोदू, पाण्याचा माठ भरून ठेवू, स्पर्धेची वेळ सकाळची करू. त्यानंतर पाऊस आला तर खुशाल म्हणू : चला पोरांनो, उतरा मैदानात.