प्रकाशकण आणि गुलाल

चैत्री पौर्णिमेस कोल्हापूरजवळील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. उंच सासनकाठ्या नाचत येतात आणि भक्तजन त्यांवर गुलाल-खोबरें उधळतात. दुरून पाहणारास पुष्कळदां काठी दिसतच नाहीं. दिसतो तो तिच्यासवें चालणारा गुलाबी मेघ. ज्योतीचें नांव धारण करणाऱ्या या देवाच्या डोंगरावरील दृष्टान्त येथें घेण्याचें कारण असें कीं, प्रकाशाच्या कणाचीही स्थिति कांहींशी अशीच आहे. आणि ती उलगडून दाखविणारांत एक मराठी विदुषी अग्रभागीं होती.

शास्त्रज्ञ ज्याला फोटॉन म्हणतात तो प्रकाशकण म्हणजे एक निरवयव बिंदु, अशी सामान्य समजूत. परंतु त्याची ऊर्जा अतिशय वाढली म्हणजे तो निमिषमात्र क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीचें रूप घेतो, आणि तिच्यासवें ग्लुऑन नामक कणही येतात. असे दोन प्रकाशकण आदळले, म्हणजे दोन रिते बिंदु नव्हे, दोन मेघच एकमेकांत शिरतात. डॉ. रोहिणी गोडबोले आणि जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रीस यांनीं १९९१ सालीं यांतून निघणारा एक अनपेक्षित परिणाम गणितानें दाखवून दिला. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे झोत समोरासमोर आणणारीं प्रचंड यंत्रें त्या वेळीं योजिलीं जात होतीं. हे झोत फार बारीक दाबले, कीं टकरीच्या वेळीं त्यांतून प्रखर प्रकाश बाहेर पडतो. आणि त्या प्रकाशकणांच्या आपसांतील टकरींतून इतर कणांचा एवढा वर्षाव होऊं शकतो, कीं जें शोधावयाचें तेंच त्या गुलालांत हरवावें! अशा यंत्रांचा आराखडा करतांना हा हिशेब धरावा लागतो.

रोहिणीबाईंचा जन्म पुण्याचा, १९५२ सालचा. त्यांच्या मुलींच्या शाळेंत सातवीपर्यंत विज्ञानाऐवजीं गृहशास्त्र शिकवीत. त्याच मुलीनें पुढें १९७९ सालीं अमेरिकेंतील स्टोनी ब्रुक येथें डॉक्टरेट मिळविली. मुंबईस अध्यापन केल्यावर १९९५ पासून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत होत्या. २०१९ सालीं त्यांस 'पद्मश्री' मिळाली; २५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

कणशास्त्राखालोखाल त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणजे विज्ञानांतील स्त्रिया. राम रामस्वामी यांच्यासह २००८ सालीं त्यांनीं आपल्या देशांतील स्त्रीशास्त्रज्ञांवरील ग्रंथ संपादिला व त्यास भास्कराचार्यांच्या लीलावतीचें नांव जोडलें. पुढें २०१० मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, डॉक्टरेट मिळविलेल्या ५०० हून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या स्त्रिया काम करीत नव्हत्या, त्यांच्यापैकीं घरसंसाराचें कारण अगदीं थोड्या जणींनीं दिलें. मनाजोगें काम मिळालेंच नाहीं, असें बहुतेकींनीं सांगितलें.

आपल्या घरांत मात्र उत्तर आधींच तयार असतें: संसार आला, मग संशोधन कसलें? या एका वाक्याच्या गुलालांत संस्थांचीं बंद दारें दिसेनाशीं होतात. म्हणून आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेसें वाटतें. घरची विद्वान् कन्या वा सून काम सोडून बसली असेल, तर तिच्या त्यागाचें कौतुक करण्यापूर्वीं, तिनें अर्ज किती केले आणि त्यांस उत्तरें काय आलीं, हें तिला एकदां विचारावें.