दोन अंत्ययात्रा

२०२२ या वर्षाने मृत्यूच्या वार्ता भरपूर दिल्या. मराठी माणसाला ते वर्ष प्रथम आठवेल ते ६ फेब्रुवारीमुळे. त्या दिवशी लता मंगेशकर गेल्या. जुलैत जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे प्रचाराचे भाषण करीत असता गोळीला बळी पडले, तर वर्ष सरता सरता पेले यांनी जगाचा निरोप घेतला. परंतु त्या वर्षीच्या जागतिक राजकारणाचे मर्म ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने सप्टेंबरमधील दोन अंत्ययात्रांकडे पाहावे. मिखाईल गोर्बाचेव्ह ३० ऑगस्टला मॉस्कोत निवर्तले; राणी एलिझाबेथ ८ सप्टेंबरला बाल्मोरल येथे. एकीच्या कारकिर्दीत साम्राज्य आवरते घेतले गेले, दुसऱ्याच्या कारकिर्दीत ते विलयाला गेले.

राणीच्या अंत्यविधीसाठी जगभरचे राष्ट्रप्रमुख लंडनला लोटले. गोर्बाचेव्ह यांना मात्र पूर्ण शासकीय इतमामही लाभला नाही. अध्यक्ष पुतिन यांनी रुग्णालयात जाऊन शवपेटीपाशी फुले ठेवली आणि अंत्यविधीच्या दिवशी कामाचे निमित्त सांगितले. सामान्य मॉस्कोवासी रांगा लावून आले, हे विशेष. सोव्हिएत संघाचे विघटन ही शतकातील मोठी भूराजकीय आपत्ती होय, असे पुतिन २००५ सालीच म्हणाले होते. त्या आपत्तीचे परिमार्जन करण्यासाठी त्यांच्या फौजा २४ फेब्रुवारीपासून युक्रेनमध्ये लढत होत्या. ज्या युक्रेनच्या सरहद्दींचा मान राखण्याची हमी रशियाने १९९४ साली बुडापेस्ट येथे दिली होती, तोच हा युक्रेन. आणि गोर्बाचेव्ह यांची आई युक्रेनियन होती!

गोर्बाचेव्ह हे काही संत नव्हते. तिबिलिसी, बाकू आणि विल्निअस येथे त्यांच्याच राजवटीत सैन्याने रक्त सांडले. २०१४ साली रशियाने क्रिमिया गिळंकृत केला, त्याचेही त्यांनी समर्थन केले. रिकामी दुकाने आणि पुढे मातीमोल झालेली बचत यांबद्दल रशियन जनतेने त्यांना क्षमा केली नाही, यातही नवल नाही. तथापि १९८९ साली पूर्व युरोपातील राजवटी एकामागून एक ढासळत असता तेथील लाखो सोव्हिएत सैनिक छावण्यांतच राहिले. सत्ताधीशाने काय केले नाही, यावरूनही त्याची योग्यता ठरते. ब्रिटनला हा विवेक सुएझच्या नामुष्कीनंतर सुचला आणि त्यापूर्वी केनियात पुष्कळ रक्त सांडले गेले होते. राणीने १९९७ साली जालियनवाला बागेत पुष्पचक्र वाहिले; क्षमायाचना केली नाही. लंडनच्या शाही सोहळ्याने दिपून जाणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवलेले बरे.

भारताची भूमिका या साऱ्यात अवघडलेलीच होती. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. शस्त्रास्त्रांसाठी रशियावर विसंबण्याची जुनी सवय एका दिवसात सुटत नाही, हे खरे; पण साम्राज्याच्या अस्तातून जन्मलेल्या राष्ट्राचे हे मौन खटकणारे होते. या दोन अंत्यविधींच्या दरम्यान, १६ सप्टेंबरला समरकंद येथे, हे युग युद्धाचे नव्हे, असे पंतप्रधान मोदी यांनी पुतिन यांना तोंडावर सुनावले, ते उशिरा का होईना, योग्यच झाले. पुतिन यांनी ते ऐकून घेतले आणि ३० सप्टेंबरला क्रेमलिनमध्ये समारंभपूर्वक युक्रेनचे चार प्रांत रशियात सामील केल्याची घोषणा केली. त्यांतील खेरसन हे शहर सहा आठवड्यांच्या आत रशियन फौजांना सोडून द्यावे लागले.