रात्रीची वीज, ऊस आणि बिबट्या

लोणी-धामणी पट्ट्यात कुणालाही फोन केला की आधी पावसाचं बोलणं होतं, मग विजेचं, आणि हल्ली तिसरं बिबट्याचं. हे तीन वेगळे विषय नाहीत असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा लेखनप्रपंच. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी वीज. शेतीपंपांना आपल्याकडे चक्राकार पद्धतीनं वीज मिळत आलीय. काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री. वीज कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर कारण बिनतोड आहे. दिवसा कारखाने, ऑफिसं, शहरं यांची मागणी चढलेली असते. रात्री ती उतरते, पण कोळशावरची केंद्रं काही बटण दाबून बंद-चालू करता येत नाहीत. मग शेतीपंप रात्रीकडे ढकलले की मागणीचा आलेख बराचसा सपाट होतो. इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर मलाही तो आलेख आवडतो. फक्त स्टार्टरपर्यंत चालत जाणारा माणूस त्यात कुठंच नाही.

माणूस मात्र असतोच, आणि तो आपली सोय बघतो. रात्री उठायला नको म्हणून त्यानं स्टार्टरला 'ऑटो' बसवला. वीज आली की पंप आपोआप सुरू! आता एका डीपीवरच्या सगळ्यांनी ऑटो बसवल्यावर काय होणार? वीज येताक्षणी सगळे पंप एकदम उठतात, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. मग महावितरण सांगतं, ऑटो काढा. शेतकरी म्हणतो, दिवसा वीज द्या. दोघंही बरोबर! आणि ऑटो चालला तरी सुटका नाहीच. पाटपाणी असेल तर एक वाफा भरला की दारं मोडून पाणी दुसऱ्यात घ्यायला कुणीतरी बांधावर लागतंच. बॅटरी घेऊन, गमबूट घालून, ऊसाच्या कडेनं.

आणि ऊसात बिबट्या. तो कुठून आला? कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आपलं डिंभे. कालवे आले, त्यामागून ऊस वाढला. जुन्नरला विघ्नहर आणि पारगावला भीमाशंकर असे साखर कारखाने झाले. या पाण्यानं घरं वर आली, पोरं शिकली, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण बिबट्याच्या दृष्टीनं ऊस म्हणजे दाट लपण, जवळ पाणी, आणि खायला कुत्री, शेळ्या, डुकरं. मादी ऊसातच वितें. तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात.

वनखात्यानं आपल्या परीनं उपाय केला. पिंजरा लावायचा, पकडायचा, लांब नेऊन सोडायचा. जुन्नर भागात २००१ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. बिबटे हलवायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असं त्यात आहे. माहितीतला बिबट्या उचलून अनोळखी मुलखात सोडला की हे होतं.

म्हणजे बघा, पाटबंधारे खात्याचं पाणी बरोबर, कारखान्याचं गाळप बरोबर, महावितरणचा आलेख बरोबर. ज्याची त्याची फाईल चोख. या सगळ्या फायली एकत्र येतात त्या रात्री दोन वाजता एका बांधावर, आणि तिथं कुठल्याच खात्याचा माणूस नसतो. सिस्टिम इंजिनिअरिंगच्या पुस्तकात 'सिस्टिमची हद्द कुठं आखायची' यावर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे ती हद्द खात्याच्या हद्दीवर आखली जाते.

तुम्ही म्हणाल, दिवसा वीज दिली की बिबट्या जाईल का? नाही जाणार. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. ती काही रात्री पाणी भरायला गेली नव्हती. पण जो धोका आपण वेळापत्रकानं तयार केलाय, तो तरी वेळापत्रकानं काढता येतो. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर दिवसा चालवायचा, ही कल्पना. मला ती आवडते, कारण तिच्यात आलेख आणि माणूस दोघांचा विचार एकदम होतो.

आता लोणीचं. आपला भाग तालुक्याच्या पूर्वेचा, पावसाच्या छायेतला. उपसा योजनेची मागणी किती जुनी आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारा. पाणी यायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पाण्यामागून ऊस येईल आणि ऊसामागून पाहुणा, हे नदीकाठच्या गावांनी आपल्याला आधीच दाखवलंय. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा ठराव मांडाल, तेव्हा त्याच कागदावर आणखी दोन ओळी घाला: फीडर दिवसाचा हवा, आणि ठिबक असेल तरच पाणी. ठिबकला रात्री दारं मोडायला लागत नाहीत. नंतर वेगळा अर्ज केलात तर तो वेगळ्या खात्यात जाईल :-)

काका, हे वाचत असाल तर तेवढं सरपंचांच्या कानावर घाला.