मित्र कुठल्या डब्यावर खेळतो?

जून 2018 मध्ये निन्टेन्डो स्विचवर ‘फोर्टनाइट’ आलं आणि प्लेस्टेशनवाले चक्रावले. प्लेस्टेशनला जोडलेलं अकाउंट स्विचवर चालेचना! पैसे मोजून घेतलेले स्किन्स तिकडेच अडकले. तांत्रिक अडचण? छे! एक्सबॉक्स आणि स्विचवाले तर एकमेकांशी बिनधास्त खेळत होते. ओरड झाली, तेव्हा सप्टेंबरमध्ये सोनीने दार किलकिलं केलं. तेही फुकट नाही. 2021 च्या एपिक-ॲपल खटल्यात कागद बाहेर आले : गडी प्लेस्टेशनवर खेळला, पण पैसे दुसरीकडेच जास्त खर्च केले, तर गेम कंपनीने सोनीला भरपाई द्यायची. विक्रीत पुढे असलेल्याला गिऱ्हाईक राखायचं असतं, समजू शकतं. पण त्यासाठी आपली दोस्तमंडळी कशाला अडवता? क्रॉसप्ले सगळ्यांना द्या. ज्याला नको, तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करेल.