नवीकोरी जुनी रायफल

जुन्या लष्करी रायफली विकत घेऊन घराच्या मागच्या खोलीत त्या 'पूर्ववत' करण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत चांगला रुजला आहे. आपल्याकडे तो रुजणे शक्य नाही, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून बंदुकीची दुरुस्तीदेखील करता येत नाही. तेव्हा मराठीच्या प्राध्यापकांनी या विषयात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की या छंदिष्टांत गेली काही दशके जो वाद चालू आहे तो मुळात पाठचिकित्सेचा वाद आहे, आणि आपल्या विद्यापीठीय वर्तुळात तो जेवढ्या गांभीर्याने व्हायला हवा होता त्याहून अधिक गांभीर्याने तो तेथे, तेलकट हातांनी, चालू आहे. या वादात आम्हांला एक बाजू घ्यायची आहे, आणि ती मोघमपणे घ्यायची नाही.

उदाहरणादाखल एकच रायफल घेऊ. शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड, १९०७ साली स्वीकारलेले तिसरे मॉडेल. आपल्याकडे तिला 'थ्री नॉट थ्री' म्हणतात आणि ती सर्वांनी पाहिलेली आहे. बंगालातील ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे तयार होत होती. खडकीच्या कारखान्यात तिची काडतुसे होत. नोव्हेंबर २००८ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती तीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० साली. म्हणजे पाश्चात्त्य संग्राहकाच्या लेखी जी वस्तू केव्हाच 'अँटिक' झाली होती ती आपल्या हवालदाराच्या खांद्यावर अजून ड्यूटीवर होती. हे ध्यानात ठेवले तर या रायफलीबद्दल निव्वळ हौसेच्या भाषेत बोलणे आपल्याला जड जाते, आणि ते जड जावे हेच बरे.

अशी एखादी १९१७ सालची रायफल हौशी माणसाच्या हाती पडते तेव्हा तिची अवस्था काय असते? अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता शंभर वर्षांच्या जवसाच्या तेलाने, घामाने, धुळीने काळवंडलेला असतो. त्यावर पोचे असतात, चरे असतात, कुठे पलटणीतल्या कारागिराने बसवलेले लाकडाचे बारीक ठिगळ असते. दस्त्याच्या गळ्याशी असलेल्या लोखंडी पट्ट्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि मॉडेल कोरलेले असते. नळी, बोल्ट, टोकाची लोखंडी टोपी, निशाण धरण्याची पट्टी या सगळ्यांवर एकच क्रमांक असावा अशी अपेक्षा असते, पण पुष्कळदा तो तसा नसतो. एखाद्या खोबणीत तांबडा गंज असतो.

आता पॉलिश पेपर हातात घेणारा हा माणूस काय करतो ते पाहावे. तो दस्ता घासतो. काळवंडलेला थर निघतो, खालून मधाच्या रंगाचे लाकूड वर येते आणि त्याला वाटते की आपण रायफलीला तिचे तारुण्य परत दिले. प्रत्यक्षात त्याने तीन गोष्टी केलेल्या असतात. लाकडात ठोकलेले तपासनिसांचे शिक्के त्याने पुसट केलेले असतात किंवा पार नाहीसे केलेले असतात. लाकडाची पातळी त्याने लोखंडाच्या खाली नेलेली असते. कारखान्यातून निघताना लाकूड लोखंडापेक्षा किंचित वर असे, आणि जाणकार मंडळी याच एका खुणेवरून घासलेला दस्ता क्षणात ओळखतात. तिसरे म्हणजे, १९१७ साली कधीच नव्हते असे एक चकचकीत रूप त्याने १९१७ च्या नावावर खपवलेले असते. कारण कारखान्यातला दस्ता व्हार्निशने लकाकत नसे, तो तेलात मुरवलेला असे. या माणसाने जे परत आणले म्हणून तो सांगतो, ते कधी अस्तित्वातच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक याने इमारतींच्या जीर्णोद्धाराची व्याख्याच अशी केली होती की वास्तूला अशा परिपूर्ण अवस्थेत आणायचे, जी कदाचित कोणत्याही काळी प्रत्यक्षात नसेलही. त्याने ते निदान उघडपणे म्हटले होते. त्याविरुद्ध इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, आणि तिला लोक विनोदाने 'खरवडण्याच्या विरोधकांची' संस्था म्हणू लागले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर नियमच घालून दिला की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. हे सगळे चर्चेस, किल्ले आणि राजवाडे यांच्यासाठी होते. रायफल ही लाखोंनी काढलेली वस्तू, तिला एवढा मान कशाला, हा आक्षेप येतोच. आमचे उत्तर असे की लाखोंनी काढलेल्या वस्तूंत एकीला दुसरीपासून वेगळे करते ते फक्त तिच्यावर नंतर उमटलेले. ते घासून काढले की हाती उरतो तो नुसता नमुना, आणि नमुने संग्रहालयात पुरेसे आहेत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. एसेक्स रेजिमेंटची एक ली-एनफील्ड गॅलिपोलीच्या लढाईत तुर्कांच्या हाती लागली. दार्दानेल्सच्या लढाईतील लूट म्हणून तिच्यावर सोनेरी अक्षरांत तुर्की लेख कोरला गेला, एन्व्हर पाशाने ती अमीर फैसलला भेट दिली, फैसलने ती डिसेंबर १९१६ मध्ये टी. ई. लॉरेन्सला दिली. लॉरेन्सने लाकडावर आपली आद्याक्षरे आणि तारीख कोरली, ठार केलेल्या शत्रूंच्या हिशेबासाठी खाचा पाडल्या, आणि अखेर ती पंचम जॉर्जला नजर केली. आता या रायफलीला 'मूळ' स्थितीत आणायचे म्हणजे काय करायचे? सोनेरी लेख खरवडायचा? आद्याक्षरे घासायची? खाचा भरून काढायच्या? कोणीही शहाणा माणूस नाही म्हणेल. मग लॉरेन्सच्या खाचा पवित्र आणि नाव नसलेल्या शिपायाचा चरा तेवढा मळ, हा न्याय कुठला? लॉरेन्सने आपल्या युद्धाविषयी जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याच्या खाचा गेल्या असत्या तरी तो आपल्याला उरलाच असता. ज्यांनी काहीच लिहिले नाही, कित्येकांना लिहिता येत नव्हते, त्यांच्या बाबतीत लाकडावरचा ओरखडा हाच उरलेला मजकूर आहे.

इथे आम्हांला भावुक व्हायचे नाही. बहुतेक पोचे रणांगणावर पडलेले नसतात. ते कोठारात, रेल्वेच्या डब्यात, लाकडी पेटाऱ्यात रायफली रचताना आणि उपसताना पडतात. प्रत्येक चऱ्यात मेसोपोटेमिया पाहणारा संग्राहक आणि प्रत्येक पाठभेदात कवीचे मन पाहणारा समीक्षक हे एकाच जातीचे भाबडे. पण कोठारातला पोचा हाही पुरावाच आहे. साम्राज्याचा पुष्कळसा इतिहास कोठारातच घडला.

देवनागरी वाचणाऱ्याला विशेष लागेल असे एक प्रकरण नेपाळचे आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात दीडशे वर्षांतील जुनी शस्त्रे साठून होती. २००३ साली ती घाऊक प्रमाणात अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यांत ब्रिटिश मार्टिनी-हेन्री होत्या, तशाच जनरल गहेंद्र शमशेर यांच्या रचनेच्या, नेपाळातच बनलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. वंगण आणि धूळ यांचा जाड थर चढलेल्या त्या बंदुका ग्राहकांना 'हात न लावलेल्या' आणि 'स्वच्छ केलेल्या' अशा दोन प्रकारांत मिळू लागल्या. अनेकींच्या नळीवर देवनागरीत ठोकलेल्या खुणा आणि आकडे आहेत. ओहायो किंवा टेक्सासमधल्या गॅरेजात बफिंगच्या चाकाखाली यांतली किती अक्षरे गेली असतील, कोणी मोजलेली नाहीत. घासणाऱ्याला ती अक्षरे म्हणून दिसतच नसतील तर त्याला दोष तरी काय द्यायचा? आणि हेही नोंदवले पाहिजे की याच छंदातली काही माणसे त्या खुणांचे फोटो एकमेकांना दाखवून, देवनागरी अंक शिकून, त्या वाचू लागली. आपल्याकडच्या किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखादे हस्तलिखित वाचण्यासाठी मोडी शिकण्याचे एवढे कष्ट घेतले, हा प्रश्न येथे सोडून देतो.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. तो असा की तुमची ही 'मूळ' रायफल हीच एक भ्रांती आहे. सैन्याने स्वतःच या रायफली वेळोवेळी सोडवल्या, नळ्या बदलल्या, दस्ते बदलले, नवा मुलामा चढवला. दुसऱ्या महायुद्धानंतर लिव्हरपूलजवळच्या फाझाकर्ली कारखान्यात कितीतरी रायफलींची संपूर्ण दुरुस्ती होऊन त्यांवर काळा रंग दिला गेला. १९१६ च्या सुमारास युद्धाच्या घाईत तिसऱ्या मॉडेलमधून लांब पल्ल्याची निशाणी आणि मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी काढून टाकण्यात आली. मग सैन्याच्या कारागिराने केले तर इतिहास आणि मी रविवारी केले तर पाप?

हा मुद्दा खरा आहे, आणि त्याचे उत्तर त्या रायफलीवरच ठोकलेले आहे. फाझाकर्लीत दुरुस्त झालेल्या रायफलीवर 'एफ. टी. आर.' अशी अक्षरे असतात, सोबत पुष्कळदा साल असते. म्हणजे संपूर्ण कारखानी दुरुस्ती. कारागिराने आपला हस्तक्षेप लपवला नाही, त्यावर तारीख घातली. पलटणीतला मिस्त्री दस्त्याला ठिगळ लावतो तेव्हा ते ठिगळ दिसते. मॉडेलमधून काही वगळले तर नावापुढे तारांकन येते. हौशी माणसाचा सगळा आटापिटा मात्र याच्या उलट दिशेने असतो. त्याला आपला हात दिसू द्यायचा नसतो. तो फाझाकर्लीचा काळा रंग उतरवून खालचे १९१७ शोधतो, सैन्याने काढून टाकलेल्या निशाण्या नव्याने बनवून घेऊन बसवतो. याच्याही पुढची पायरी म्हणजे न जुळणारा क्रमांक कानशीने घालवून तिथे जुळणारा ठोकणे. पहिल्याला आम्ही हौस म्हणू, शेवटच्याला बनावट दस्तऐवज. मधल्या जागेत सीमा नेमकी कुठे आहे हे ठरवण्याची कसोटी एकच, आणि ती म्हणजे तुम्ही जे केले ते पुढच्या माणसाला कळणार आहे की नाही.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, हे आपल्याला ठाऊक आहे कारण त्यांनी ते स्वतः नोंदवून ठेवले. त्यांच्या शुद्धीकरणाबद्दल पुढे वाद झाले, राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, तिच्याही प्रामाण्याबद्दल वाद झाले. वाद होऊ शकले ते त्या नोंदीमुळे. याउलट १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर निघालेल्या जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या पाहाव्यात. अनुच्चारित अनुस्वार गेले, ऱ्हस्व-दीर्घ बदलले, विरामचिन्हे आधुनिक झाली, आणि प्रस्तावनेत त्याचा अवाक्षराने उल्लेख नाही. विद्यार्थी ते वाचून एकोणिसाव्या शतकातील गद्यशैलीवर प्रबंध लिहितात. हाही घासलेला दस्ताच. लेखन बदलू नये असे आमचे म्हणणे नाही. वर्गात शिकवायला ते बदलावे लागते. पण शिक्का कुठे आहे?

अलीकडे या छंदाला जालावरच्या चित्रफितींनी वेगळेच वळण दिले आहे. गंजलेला लोखंडाचा गोळा वीस मिनिटांत आरशासारखा होतो, लाखो लोक पाहतात, आणि यांतल्या काहींत गंजच मुद्दाम चढवलेला असतो असा आरोप जाणकार करतात. त्यांवर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. त्या चित्रफितींतील सुख रायफलीचे नसून पुसण्याचे आहे. ज्या वस्तूने माणसे मारली ती अशी आरशासारखी करण्यात काय पुसले जाते, हा विचार मात्र एकदा तरी मनात यावा.

गंज तसाच खाऊ द्यावा, असे आम्ही म्हणत आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. तांबडा गंज जिवंत असतो, तो लोखंड पोखरत राहतो आणि शेवटी अक्षरेही खातो. तो थांबवलाच पाहिजे. पण थांबवण्याचे उपाय सौम्य आहेत. तेल लावून, मऊ धातूच्या लोकरीने, हलक्या हाताने तो निघतो, किंवा उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळ्या, स्थिर ऑक्साइडमध्ये बदलतो. लाकडातला खोल पोचा फारच खुपत असेल तर ओल्या फडक्यावर गरम इस्त्री धरून तो वर आणता येतो, त्यासाठी लाकूड कापावे लागत नाही. जवसाचे तेल वर्षानुवर्षे तेच चालत आले आहे.

एका प्रश्नावर आमच्यातच एकमत नाही, तो मांडून ठेवतो. दोन्ही महायुद्धांनंतर या रायफली पाश्चात्त्य देशांत कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि हजारो शिकाऱ्यांनी त्यांचे पुढचे लाकूड कापून त्या हलक्या केल्या. आज अशी कापलेली रायफल हाती आली तर तिला नवे लाकूड जोडावे का? आमच्यातील एकाचे म्हणणे असे की जोडावे, कारण कापण्याने माहिती फक्त नष्ट झाली, नवी काही आली नाही. दुसऱ्याला हे पटत नाही. युद्धातून आलेली रायफल शेतकऱ्याच्या हाती हरणामागे धावू लागते, हा त्याच्या मते त्या रायफलीच्या चरित्रातला अखेरचा आणि कदाचित सर्वांत कमी लाजिरवाणा अध्याय आहे, तो कापून टाकण्याचा अधिकार कोणाला?

जोडायचेच ठरले तर निदान एक सोय त्या रायफलीतच आहे. दस्त्याच्या टाचेवरच्या पितळी पट्टीत एक झाकण असते. त्याच्या आतल्या पोकळीत शिपाई तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी ठेवी. कोणी, कधी, काय बदलले एवढे लिहिलेला घडी केलेला कागद तिथे सहज मावतो.